नंदूचा सालगडी

आमच्या व्याह्यांइतका रिकामा आणि तरीही इतका कामात बुडालेला माणूस उभ्या धाराशिव जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. गेल्या फेब्रुवारीत ते महिनाभर आमच्या घरी राहायला होते, आणि त्या महिन्यात त्यांना घडीभराची फुरसत म्हणून नव्हती. सकाळचा चहा झाला की काम सुरू व्हायचं, दुपारी मालकीण झोपायची तेवढीच सुट्टी, आणि दिवेलागणीला ते भिंतीला पाठ टेकून "लई काम झालं आज" म्हणत गुडघे चोळत बसायचे. काम कोणतं, तर कणकेच्या गोळ्यात चिंचोके खुपसायचे आणि सगळे खुपसून झाले की एकेक करून परत काढायचे. मालकीण म्हणजे माझी नात राजनंदिनी, घरातलं नाव नंदू, वय वर्षं अडीच. ती माझ्या मुलाची मुलगी. माझ्या घरात राहते, माझं आडनाव लावते, नाक तर हुबेहूब माझं. हे एवढ्यासाठी सांगून ठेवतो, की पुढं मी जे लिहिणार आहे त्यात मत्सर आहे, आणि तो मी लपवणार नाही. लपवून उपयोगही नाही. आमच्या सौभाग्यवतींनी पहिल्याच आठवड्यात "जळताय तुम्ही" असा निकाल देऊन टाकला होता.

व्याही बेंबळीचे. घरची मोठी शेती, दारात ट्रॅक्टर, भरघोस पांढऱ्या मिशा आणि आवाज असा की बांधावरून हाक मारली तर चार शेतांपलीकडचा माणूस आपलंच काही चुकलं असं समजून उभा राहावा. शिवाय माणूस कमालीचा जुन्या वळणाचा. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या सासरी पाणी प्यायचं नाही हा रिवाज हल्ली कोण पाळतो? यांनी पाळला. लग्नानंतर तीन वर्षं हे गृहस्थ भर मे महिन्यात बेंबळीहून यायचे, येताना घरच्या पाण्याची बाटली आणायचे, उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकून सूनबाईला "बरं हाय का?" विचारायचे, आणि ती "हो बाबा" म्हणाली की लगेच "मग येतो" म्हणून वळायचे. सरबताचा पेला घेऊन मी मागं आणि ते पुढं, असे आम्ही गल्लीच्या टोकापर्यंत गेलेलो शेजाऱ्यांनी पाहिलेलं आहे. नंदू जन्मली त्या आठवड्यात ते आले, सरळ आत येऊन बसले, पाण्याचे दोन तांबे एका दमात रिकामे केले आणि म्हणाले, "इवाई, आता तुमची सुटका न्हाई." व्याह्यांना आमच्या भागात इवाई म्हणतात. मला वाटलं, हा विनोद आहे.

मग अडीच वर्षांनी त्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ज्वारीच्या काढणीचे दिवस होते, शेतात सगळीकडं धूळ, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की महिनाभर धुळीत जायचं नाही. म्हणजे बेंबळीला ठेवलं तर हा माणूस खळ्यावर गेल्याशिवाय राहणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक. म्हणून सूनबाईनं त्यांना इकडं आणलं. हिरवा चष्मा, डोळ्यात घालायच्या थेंबांच्या बाटल्या आणि एक पिशवी. मी आपला यजमान म्हणून तयारीत होतो. वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवावं, चार राजकारणाच्या गोष्टी कराव्यात, संध्याकाळी फिरायला न्यावं. पण पहिल्याच सकाळी नंदू त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "नाना, बश." ते बसले. "उठ." उठले. "बश." पुन्हा बसले. असं सातआठ वेळा झाल्यावर मला राहवलं नाही, मी म्हणालो, "अहो, तुमचा डोळा." तर ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "सालगड्याला डोळा नसतो, इवाई. पाडव्याला टाईम हाय अजून, पर मी आजच हिच्याकडं सालानं राह्यलो." ज्यांच्याकडं आयुष्यभर दरसाल पाडव्याला नवे गडी वर्षाच्या बोलीनं कामाला राहिले, तो माणूस अडीच वर्षांच्या पोरीचा गडी झाला, आणि त्या दिवसापासून तिला "मालकीण" आणि "तुमी" म्हणायला लागला.

आता माझ्याबद्दल थोडं सांगणं भाग आहे. मी एकतीस वर्षं हायस्कूलला चित्रकलेचा शिक्षक होतो. कातरकाम, चिकटकाम, ठसेकाम, मातीकाम यांत माझा हात धरणारा माणूस आमच्या तालुक्यात तरी नव्हता. घोटीव कागदाचा मोर मी डोळे मिटून कापू शकतो. नात झाली तेव्हा मी मनाशी पक्कं केलं होतं की हिचा हात मी लहानपणापासून वळवणार. त्यासाठी एक कपाट रिकामं करून त्यात खडू, रंगीत कागद, बोथट कात्री आणि गोंद असं सगळं मांडून ठेवलं होतं, आणि आतल्या दाराला वारांप्रमाणं कोष्टकही चिकटवलं होतं. सोमवारी ठसे, मंगळवारी कागद, बुधवारी माती. नंदू माझ्यापाशी सोमवारी दोन मिनिटं बसायची. मंगळवारी एक. बुधवारी मी कपाट उघडताना दिसलो की ती न्हाणीघरात जाऊन लपायची. ही मुलगी चंचल आहे, एका जागी बसण्याचं तिचं वय नाही, असं मी घरात सर्वांना समजावून सांगितलं होतं आणि सर्वांना ते पटलंही होतं. आणि मग हा हिरव्या चष्म्याचा माणूस आला, आणि तीच मुलगी त्याच्यासमोर सलग दीड तास कणीक आणि चिंचोके घेऊन मान खाली घालून बसायला लागली. माझ्या पोटात दुखलं, हे मी कबूल करतो.

तिसऱ्या दिवशी मी सहज विचारल्यासारखं करून विचारलं, "काय बनवताय?"

"आजून ठरलं न्हाई," व्याही म्हणाले.

"तीन दिवस झाले."

"मालकिणीला घाई न्हाई. मला कुठं जायचंय?"

त्यांची पद्धतच ही होती. पद्धत म्हणणं माझ्या जिवावर येतं, पण दुसरा शब्द नाही. ते काही शिकवत नसत, काही सुचवत नसत, "हे काय आहे गं?" असं विचारतही नसत. ती म्हणेल ते हातात धरायचं, ती म्हणेल ते सोडायचं, आणि मधल्या वेळात गप्प बसायचं. बेंबळीहून कुणाच्यातरी हाती त्यांनी ज्वारीची वाळलेली ताटं मागवली तेव्हा मला वाटलं, चला, आता तरी हा गृहस्थ काहीतरी करून दाखवील. कारण आमच्या पिढीच्या खेड्यातल्या प्रत्येक पोरानं ज्वारीच्या ताटाची बैलगाडी केलेली आहे. आतला पांढरा भेंड कापून चाकं करायची, वरची साल सोलून तिच्या काड्या खुपसायच्या, जू, वरचा साटा, हाकणारा धुरकरी, सगळं व्यवस्थित. व्याही त्यात वस्ताद होते, असं सूनबाईच सांगते. पण नंदूनं एक ताट उचललं, एका बटाट्यात खुपसलं आणि म्हणाली, "नाना, धल, पलेल." पडू नये म्हणून व्याह्यांनी तो बटाटा धरला. ती दुसऱ्या खोलीत गेली, बाहुली घेऊन आली, बाहुलीला खाऊ घातलं, आजीच्या पदराला लोंबकळली, दूध प्यायली. व्याही बटाटा धरून बसलेलेच. पाऊण तासानं मी म्हणालो, "ठेवा की खाली. ती विसरली." ते म्हणाले, "ती विसरली असंल. मी इसरलो न्हाई." मी म्हणालो, "निदान तिला गाडी तरी करायला शिकवा. तुम्हाला येते म्हणे." त्यावर ते म्हणाले, "तिनं इचारलं न्हाई आजून." आणि खरोखर, दूध पिऊन झाल्यावर ती परत आली, बटाटा जागेवर आहे हे पाहिलं, आणि त्यांच्या हातातून काढून घेऊन पुढचं काम सुरू केलं. जणू घरात पाऊण तास बटाटा धरून बसणारा एक माणूस असतोच.

भेंडीच्या ठशांचं प्रकरण मला अजून झोंबतं, कारण भेंडीचे ठसे ही माझी खासियत. भेंडी आडवी कापायची, रंगात बुडवायची आणि कागदावर रांगेत फुलं उठवायची. मी जिल्ह्याच्या प्रदर्शनात मुलांकडून करून घेतलेली चादर लोकांनी हात लावून पाहिली होती. एका सोमवारी मी नंदूपुढं पांढरा कागद अंथरला, तीन भेंड्या कापून दिल्या, रांग कशी धरायची ते दाखवलं. तिनं भेंडी लाल रंगात बुडवली, कागदाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि उठून शेजारी बसलेल्या व्याह्यांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर ठसे उठवायला लागली. गुडघ्यापासून खाली, मग मांडीवर, मग सदऱ्याच्या टोकावर. मी ओरडलो. सूनबाई धावत आली. व्याही काय म्हणाले असतील? "दम धरा, इवाई. तिकडची बाजू राह्यलीय." आणि दुसऱ्या दिवशी डोळे तपासायला तेच धोतर नेसून गेले. दवाखान्यातल्या बाकावर चाळीस माणसं बसलेली, त्यांत हे लाल भेंडीच्या फुलांचं धोतर आणि हिरवा चष्मा. मी त्यांच्याबरोबर होतो, कारण त्यांना एकट्यानं सोडता येत नव्हतं, आणि प्रत्येक माणसाला ते आपणहून सांगत होते, "मालकिणीनं काढलंय. अडीच सालाची हाय." डॉक्टर डोळ्यात बॅटरी मारायच्या आधी धोतर बघत होते. एकतीस वर्षांत माझं एकही डिझाईन कुणी अंगावर घालून दवाखान्यात गेलं नाही. त्या दिवशी परतताना मी रिक्षात व्याह्यांशी एक शब्द बोललो नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

आता माझा गुन्हा. चित्रकलेच्या शिक्षकांना एक खोड असते आणि ती आमच्याखेरीज दुसऱ्या कुणाला नसते. शाळेत प्रदर्शन असलं, तपासणीला साहेब येणार असले, की आम्ही मुलांच्या चित्रांवरून शेवटचा हात फिरवतो. इथं एक रेघ, तिथं थोडी छाया, वाकडा डोळा सरळ. चित्र मुलाचंच राहतं, फक्त चांगलं होतं, असं आम्ही मानतो. मी हजारो चित्रांवरून असा हात फिरवला आहे आणि एकाही मुलानं कधी तक्रार केली नाही. एके दिवशी नंदूनं व्याह्यांच्या समोर बसून एका कागदावर हिरवा रंग बोटांनी सारवला होता आणि ती झोपायला गेली होती. कागद खिडकीत वाळत होता. मी पाहिलं तर त्या हिरव्या डागाचा आकार अगदी पोपटाचा. फक्त चोच नव्हती. मी ब्रश घेतला. चोच दिली. चोच दिल्यावर डोळा लागतो. डोळा दिला, गळ्याभोवती गुलाबी काळी पट्टी दिली, पाय दिले, पायाखाली पेरूची फांदी दिली. खोटं कशाला सांगू, पोपट फार सुरेख उतरला होता.

नंदू उठली, खिडकीपाशी गेली, कागद हातात घेतला. तिनं पोपट पाहिला. मग कागद उलटा करून मागची कोरी बाजू पाहिली. मग खिडकीच्या खाली वाकून पाहिलं. "माझं कुथंय?" ती म्हणाली.

"हे काय, हेच तुझं. बघ किती छान पोपट झाला," मी म्हणालो.

तिनं पुन्हा एकदा कागद उलटा केला, आणि मग ती अशी रडायला लागली की मला माझ्याच हाताची लाज वाटली. व्याही उठले, तिला उचलून घेतलं. मला वाटलं, आता बोलतील. बोलले असते तर बरं झालं असतं. ते फक्त तिच्याबरोबर खोलीभर फिरून पलंगाखाली, कपाटामागं, दाराआड तो हिरवा डाग शोधत राहिले. कागद माझ्या हातात होता आणि ते दोघं शोधत होते. त्यानंतर आठवडाभर मी खोलीत आलो की नंदू आपल्या पुढ्यातली कणीक, काड्या, चिंचोके जे असेल ते दोन्ही हातांनी ओढून फ्रॉकखाली घ्यायची. मी तिचा आबा. माझ्यापासून.

त्या दिवसांत एकदा मी दाराशी उभा राहून त्या दोघांकडं बघत होतो आणि मला वाटत होतं की या घरात जळणारा मी एकटाच आहे. मग लक्षात आलं, स्वयंपाकघराच्या दारात सूनबाई उभी आहे. हातात लाटणं, आणि नजर तिकडंच. तिचे वडील तिच्या मुलीसमोर जमिनीवर पालथे पडून तिनं दिलेली काडी दातांत धरून होते. सूनबाई हळूच म्हणाली, "आबा, आम्ही बहिणी बाबांच्या समोरून जाताना चपला हातात घेऊन जायचो. आवाज व्हायला नको म्हणून." एवढं बोलून ती आत गेली. मी व्याह्यांना ते सांगावं की नाही याचा दोन दिवस विचार केला आणि शेवटी फिरायला गेल्यावर सांगितलं. त्यांनी काठीनं वाटेतला एक खडा बाजूला सारला. मग म्हणाले, "खरं हाय तिचं. त्या टायमाला मी मालक व्हतो."

महिना संपला, डॉक्टरांनी मोकळं केलं आणि व्याही बेंबळीला निघाले. जाताना त्यांनी नंदूला "मालकीण, चार दिवस रजा द्या" म्हटलं. ती म्हणाली, "नाई." तरी ते गेले, आणि मला खरोखर आनंद झाला. मैदान मोकळं झालं. मी कपाट उघडलं, तर नंदू व्याह्यांच्या बसायच्या जागेकडं तोंड करून बसलेली. मी कपाट बंद केलं. दुसऱ्या दिवशीही ती तशीच बसली. तिसऱ्या दिवशी मी आतल्या दारावरचं कोष्टक काढून टाकलं, अंगणातल्या कुंडीतली माती एका घमेल्यात भिजवली, ते घमेलं तिच्यासमोर ठेवलं आणि व्याह्यांच्या जागेवर जाऊन बसलो. गुडघे दुखत होते. दहा मिनिटं काहीच झालं नाही. मग तिनं मातीत एक बोट घातलं. मग पूर्ण हात. मी किती वेळा तोंड उघडलं आणि किती वेळा मिटलं याला गणती नाही. गोळा फार ओला होता, खालचा भाग रुंद करायला हवा होता, तिनं त्यात तुरीची डाळ खुपसली ती उलटी होती, दोऱ्याचा तुकडा लावला तो राहणार नव्हता. मी मूग गिळून बसलो. दोन तास. माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीत इतके कष्ट मी कधी केले नव्हते. शेवटी तिनं तो ऐवज उचलून माझ्या दोन्ही हातांत दिला आणि म्हणाली, "नानाला."

बसली माझ्यापाशी आणि केलं त्यांच्यासाठी. पण हुकूम तो हुकूम. व्याह्यांचा फोन साधा बटणाचा, त्यावर फोटो जात नाही. मी ती वस्तू स्टीलच्या ताटलीत ठेवली आणि बेंबळीच्या एसटीत बसलो. खड्डा आला की मी ताटली वर उचलून धरायचो. शेजारी एक म्हातारी बसली होती, तिनं बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "देवाचं हाय का वो?"

"नाही."

"मग काय हाय?"

"मला सांगितलेलं नाही," मी म्हणालो. तिनं तरी नमस्कार केला आणि सरकून जागा दिली. ताटली मांडीवर घेऊन जाताना मी एक ठरवत होतो. त्या दोन तासांत, "नानाला" म्हणायच्या आधी, नंदू माझ्याशी एकदाच बोलली होती, आणि काय बोलली ते काही झालं तरी व्याह्यांना सांगायचं नाही.

व्याही ओसरीवर होते. चष्मा गेला होता, पण उजेडात डोळे अजून बारीक करत होते. त्यांनी ताटली घेतली, सगळीकडून पाहिली, काय आहे म्हणून विचारलं नाही. चहा आला तरी ती खाली ठेवली नाही. मग त्यांनी मला खोदून खोदून विचारायला सुरुवात केली. माती कुणी भिजवली? आधी कुठला हात घातला? जीभ बाहेर काढली होती का? काम करताना ती जीभ बाहेर काढते. डाळ तिनं मागितली का मी दिली? मी एकेक सांगत होतो आणि या माणसाचा चेहरा बघत होतो. हा चेहरा मी महिनाभर आरशात पाहिला होता.

"तुमचं बरं हाय, इवाई," ते म्हणाले. "ती तुमच्या घरात हाय. उद्या पण बसंल. परवा पण बसंल." मग ताटलीकडं बघत त्यांनी विचारलं, "माझं नाव काढलं का वो तिनं? काम चालू असताना?"

नाही म्हणता आलं असतं. एसटीत सगळी तयारी केली होती.

"काढलं," मी म्हणालो. "दोरा हातात द्यायचा होता तिला. मान खालीच होती. मला म्हणाली, नाना, धर."

व्याह्यांनी ताटली मांडीवर घेतली.

"मग तुमी सांगितलं न्हाई का तिला, की तुमी आबा हाव म्हणून?"

"नाही," मी म्हणालो. "मी धरला."